पॉटरचा खोंड

हॉलंडमधील हेग शहरात माउरित्सहाउस नावाचे एक लहानसे, देखणे संग्रहालय आहे. व्हर्मेरने रंगविलेली मोत्याचा डूल घातलेली मुलगी तेथे आहे, रेम्ब्रांटचा शरीरशास्त्राचा धडाही तेथेच आहे. बहुतेक प्रवासी एवढे पाहून समाधानाने परततात. त्याच वास्तूत सुमारे पावणेआठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद असे एक चित्र टांगलेले आहे. त्यात राजा नाही, रणसंग्राम नाही, देवदूत नाही. त्यात एक खोंड उभा आहे. गोठ्यात उभा असतो तेवढाच मोठा, तेवढ्याच उंचीचा. चित्रकाराचे नाव पाउलुस पॉटर, साल १६४७.

या आकाराचे मर्म प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळच्या युरोपात कोणता विषय किती मोठ्या पटावर रंगवावा याचीही एक उतरंड होती. मोठा पट धर्मकथांसाठी, राजांसाठी, विजयी सेनापतींसाठी. गुरेढोरे चित्रात येत ती कोपऱ्यात, एखाद्या कथेची पार्श्वभूमी म्हणून. हॉलंडच्या चित्रकारांनी कुरण, आकाश आणि गुरे यांना स्वतंत्र विषयाचा मान दिला हे खरे. पण ती चित्रे बहुधा हात-दीड हात लांबीची, बैठकीच्या खोलीत सहज सामावणारी असत. पॉटरची स्वतःची इतर चित्रेही बव्हंशी तशीच आहेत. असे असता एकविशी-बाविशीतल्या एका तरुणाने सेनापतीसाठी राखलेली जागा उचलून एका खोंडाला दिली. दरबारात सिंहासनावर कोणी भलताच येऊन बसावा, तसा हा प्रकार होता.

आता चित्राकडे वळू. आपल्या नजरेला प्रथम जाणवते ती वशिंडाची उणीव. खिल्लारी बैलाची ऐट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा सपाट पाठीचा, आखूड शिंगांचा, तपकिरी-पांढऱ्या अंगाचा प्राणी थोडा परकाच वाटतो. पण जरा थांबावे. कपाळावर कुरळ्या केसांचा झुबका आहे. मानेवरचा केस न् केस वेगळा रंगविला आहे. काही ठिकाणी रंगाचा थर इतका जाड आहे की कातडीचा खडबडीतपणा बोटांना लागेल असे वाटते. पाठीवर माश्या बसल्या आहेत. शेजारी एक गाय विसावली आहे. तिच्या नाकपुड्या ओलसर आहेत आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. तिच्याजवळ एक मेंढा, एक मेंढी आणि कोकरू. झाडाच्या खोडापाशी टोपी घातलेला गुराखी उभा आहे. त्याला चित्रकाराने इतके मागे सारले आहे की या सभेत माणूस हाच पाहुणा ठरावा. खाली गवतात एक बेडूक आहे आणि शेणाचा पो आहे. वर आकाशात एक चंडोल तरंगतो आहे. उजवीकडे क्षितिज एकाएकी खाली उतरते. दूर सपाट कुरण, त्यात मुंगीएवढी गुरे, आणि राइस्वाइक गावाच्या चर्चचा मनोरा दिसतो. हे गाव हेग आणि डेल्फ्ट यांच्या मधे आहे. मागे ढग दाटून आले आहेत आणि पाऊस फार दूर नाही. कुंपणाच्या फळीवर चित्रकाराने आपले नाव व साल लिहिले आहे.

वृषभ म्हटले की आपणांस आदिनाथांचे लांछन आठवते. शिवालयापुढचा नंदीही आठवतो. ही चिन्हे आहेत, आणि चिन्हाचे काम आपल्यापलीकडे नेण्याचे असते. लांछन पाहणारा वृषभापाशी थांबत नाही, मूर्तीपाशी पोहोचतो. पॉटरचा खोंड मात्र आपल्याला कोठेच नेत नाही. त्या काळच्या हॉलंडमध्ये पुष्ट गाय हे देशाच्या समृद्धीचे प्रतीक मानले जात असे, त्यामुळे काही पाहणाऱ्यांनी या खोंडातही देशाचे बळ पाहिले असेल. पण पाठीवरच्या माश्या आणि पायांजवळचा शेणाचा पो कोणत्याही प्रतीकात बसत नाहीत. ते तेथे आहेत कारण खोंडाजवळ ते असतातच. प्रतीकाला माश्या चावत नाहीत, जिवाला चावतात.

हे चित्र एका बैठकीत ठरलेले नाही. प्रारंभी पॉटरच्या मनात केवळ खोंड होता. पुढे त्याने मूळ पटाला दोन्ही बाजूंनी आणि वरून कापडाच्या पट्ट्या जोडल्या, आणि मग गाय, मेंढरे, गुराखी, झाड, दूरचे कुरण यांना जागा झाली. अंगरखा तोकडा पडला म्हणून ठिगळ लावून वाढवावा तसेच हे. खोंडाचे चित्रणही एकाच जनावरासमोर बसून केलेले नाही. जनावरांच्या जाणकारांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे की त्याची शिंगे, दात, खांदे आणि गळ्याखालची लोंबती कातडी ही एकाच वयाची नाहीत. आपल्याकडील गुरांच्या बाजारात हा खोंड उभा केला असता तर व्यापाऱ्याने प्रथम त्याचा जबडा उघडून पाहिला असता आणि आदत की दोनदाती की जुळलेला, याचा निर्णय करता करता तो चक्रावून गेला असता. पुढचा भाग भारदस्त, मागचा त्या मानाने हलका, हा दोषही साध्या डोळ्यांस दिसतो. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या जनावरांवरून केलेली रेखाटने चित्रकाराने येथे एकत्र आणली आहेत.

१८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यूजेन फ्रोमांतँ या फ्रेंच चित्रकार-लेखकाने या चित्राचे बरेच दोष काढले. रचना नीट बांधलेली नाही, सारे भाग सारख्याच आग्रहाने रंगविले आहेत, हा त्याचा आक्षेप. तरीही या तरुणाच्या प्रामाणिकपणापुढे त्याला नमते घ्यावे लागले. मला स्वतःला फ्रोमांतँचा आक्षेप मान्य आहे, आणि तोच या चित्राचा गुणही वाटतो. अनुभवी चित्रकार काय सोडून द्यावे हे जाणतो. पॉटरला काहीच सोडवत नाही. खोंडाच्या डोळ्याला जितके लक्ष, तितकेच बेडकाला. गायीच्या नाकपुडीला जितका वेळ, तितकाच गवताच्या पात्याला. यामुळे चित्र थोडे अवघडले आहे खरे, पण त्या अवघडलेपणातच त्याची सचोटी दिसते.

अशी चित्रे घेत कोण असे? येथे आपल्यासारख्या पेढी-दुकानांत वाढलेल्या वाचकांना रस वाटावा असा मजकूर आहे. हॉलंडमधील प्रॉटेस्टंट चर्चला चित्रांची गरज नव्हती, आणि सरदार-दरबारांचा आश्रयही इतर देशांच्या मानाने तोकडा होता. चित्रकाराला आपला माल बाजारात विकावा लागे. गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी, जहाजमालक, वकील, दारू गाळणारा, खाटीक, बेकरीवाला. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज कंपनीच्या नोकरीत सुरतेस राहून गेला होता. पुढे १६४० मध्ये तो ॲम्स्टरडॅमला गेला तेव्हा लोहाराच्या भट्टीपाशी आणि चांभाराच्या टपरीतही चित्र टांगलेले पाहून त्याला नवल वाटले व त्याने तसे लिहून ठेवले. बाजारामुळे चित्रकारांतही धंद्याच्या शाखा पडल्या. एक फक्त समुद्र रंगवी, दुसरा फक्त फुले, तिसरा बर्फावरची गर्दी. पॉटरने गुरे घेतली. एका मालाचे दुकान आणि त्या मालाची पक्की पारख, ही रीत आपणांस नवी नाही.

आणि ते कुरण? चित्रातले हिरवे, शांत, जणू सृष्टीच्या आरंभापासून तसेच असलेले कुरण पाहून मन निवते. प्रत्यक्षात हॉलंडमधील कितीतरी कुरणे माणसाने पाण्यातून उपसून काढलेली आहेत. ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेस बेम्स्टर नावाचे मोठे सरोवर होते. ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी भांडवल घातले, भोवती बांध घातला, त्रेचाळीस पवनचक्क्या लावल्या आणि १६१२ साली ते कोरडे केले. सुमारे सात हजार हेक्टर जमीन हाती आली. पूर्वेकडील मसाल्याच्या व्यापारात जे होते, त्यांतलेच काही या जमिनीतही होते. त्या जमिनी ओलसर, धान्यापेक्षा गवताला अनुकूल. मग गायी आल्या, लोणी आले, चीज आले आणि ते परदेशी जाऊ लागले. दिवसभर हुंडी, भाडे आणि विमा यांचे हिशेब करून घरी आलेला व्यापारी भिंतीवरच्या गायीकडे पाहून विसावत असे. त्या गायीच्या पायांखाली कधी कधी त्याचेच भांडवल असे. यात मला दंभ दिसत नाही. ज्याने जमीन समुद्राकडून मिळविली त्याला तीवर उभी असलेली गाय पाहताना जे वाटत असेल, ते निव्वळ नफ्याचे सुख नसावे.

तरी एक गोष्ट मनाला टोचते आणि ती झाकून पुढे जाणे बरे नव्हे. गायीवर इतके प्रेम करणारा हा देश गोमांसही खात होता. डेन्मार्कमधून बैलांचे मोठे कळप दरवर्षी आणले जात, हॉलंडच्या कुरणांवर चारून पुष्ट केले जात आणि कत्तलीसाठी विकले जात. पॉटरचे जन्मगाव एन्कहाउझेन हे बंदर या बैलबाजारासाठी प्रसिद्ध होते. ज्या माउरित्सहाउसमध्ये आज हे चित्र आहे, ती वास्तू योहान माउरित्स या सरदाराने स्वतःसाठी बांधविली. तो ब्राझीलमधील डच वसाहतीचा राज्यपाल होता, आणि तेथील साखरेचे मळे आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. चित्राच्या शांततेभोवती ही सारी अशांतता आहे. ती चित्रात दिसत नाही.

एन्कहाउझेनबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. यान व्हान लिन्स्खोतेन हा त्याच गावात वाढलेला तरुण गोव्याला आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाच-सहा वर्षे राहिला, आणि परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वेच्या व्यापारवाटा डचांना ज्या ग्रंथांतून कळल्या त्यांत त्याचे स्थान मोठे आहे. त्यातच त्याने गुजरातच्या वाण्यांविषयी लिहिले आहे: हे लोक जीव असलेले काहीही खात नाहीत, क्षुल्लक कीटकही मारीत नाहीत, कारण प्रत्येक सजीवात आत्मा आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. लिन्स्खोतेन १६११ मध्ये एन्कहाउझेनलाच वारला. पॉटर तेथे १६२५ मध्ये जन्मला. एका गावाचा हा योगायोग, त्याहून अधिक काही नव्हे. पण आपल्या पूर्वजांची ती वार्ता मिरे आणि जायफळाच्या भावांबरोबरच त्या बंदराला पोहोचली होती, हे कळल्यावर हे चित्र मला पूर्वीइतके परके वाटेनासे झाले.

पॉटरच्या मनात प्राण्यांविषयी काय होते, याची एक विलक्षण साक्ष सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. १६५०च्या सुमाराचे ते चित्र 'शिकाऱ्याला शिक्षा' या नावाने ओळखले जाते. त्यात चौदा चौकटी आहेत. कडेच्या चौकटींत माणूस नाना प्राण्यांची नाना रीतींनी शिकार करतो आहे. मधल्या दोन चौकटींत पारडे फिरते. वरच्या चौकटीत सिंह न्यायासनावर आहे आणि बांधलेल्या शिकाऱ्याला प्राण्यांच्या सभेपुढे उभे केले आहे. खालच्या चौकटीत प्राणी त्याला आगीवर भाजत आहेत आणि त्याचे कुत्रे झाडाला लटकावले आहेत. या उलट्या जगाच्या कथा युरोपात पूर्वीपासून होत्या, आणि ते चित्र पाहून लोक हसलेही असतील. हसू ओसरल्यावर मात्र कडेच्या चौकटींकडे डोळे पुन्हा वळतात आणि तेथले दृश्य आता पहिल्यासारखे दिसत नाही. आपल्या वाचकांच्या ध्यानात एक उणीव लगेच येईल: त्या न्यायसभेत दंड आहे, क्षमा नाही. प्राण्यांना न्यायाधीश केले, पण न्याय माणसाचाच राहिला. माझ्या मते खोंडाचे चित्र या चित्राहून पुढे जाते. तेथे कोणावर आरोप नाही आणि कोणाला शिक्षाही नाही; एका प्राण्याला त्याच्या पूर्ण मापात, त्याच्या जागी उभे राहू दिले आहे, इतकेच.

पॉटरचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखेच आहे, कारण ते थोडेच होते. वडील पीटर हे चित्रकार. घराणे एन्कहाउझेनहून लायडनला व तेथून ॲम्स्टरडॅमला गेले. १६४६ मध्ये पाउलुस डेल्फ्टच्या चित्रकार-संघात दाखल झाला, १६४९ मध्ये हेगला आला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या नामांकित बांधकाम-कंत्राटदाराच्या मुलीशी, आद्रिआना हिच्याशी, त्याचा विवाह झाला. हाउब्राकेन या जुन्या चरित्रकाराने नोंदविलेली आख्यायिका अशी की सासरा प्रथम राजी नव्हता: माणसे सोडून जनावरे रंगविणाऱ्याला मुलगी कशी द्यावी? मुलीच्या बापाची ही चिंता कोणत्याही देशात समजू शकते. चार प्रतिष्ठित लोकांनी समजूत घातली तेव्हा गाठ पडली. पॉटर फिरायला निघाला की खिशात टिपणवही असेच, हेही हाउब्राकेनच सांगतो.

त्याचीच आणखी एक आख्यायिका राजवाड्यातली आहे. पॉटरने १६४९ मध्ये एका शेतघराचे मोठे प्रसन्न चित्र काढले. झाडांखाली गुरे, कोंबड्या, माणसे, आणि मध्यभागी एक गाय मूत्र विसर्जन करीत उभी. चित्र राजघराण्यातील आमालिया व्हान सोल्म्स यांच्यासाठी होते म्हणतात. पण असे दृश्य राजस्त्रीच्या दालनात नित्य डोळ्यांपुढे असणे शोभत नाही, म्हणून ते नाकारले गेले. आपल्या खेड्यांत या कारणाने कोणी चित्र परत पाठविले नसते. आज तेही हर्मिटाजमध्ये मानाने विराजमान आहे.

१६५२ मध्ये पॉटर ॲम्स्टरडॅमला परतला. रेम्ब्रांटच्या शरीरशास्त्राच्या धड्यात जे डॉ. टुल्प दिसतात, तेच त्याचे आश्रयदाते झाले. क्षयाने त्याची प्रकृती पोखरली होती. १६५४च्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. मागे सुमारे शंभर चित्रे राहिली. त्याच वर्षी व्हान डर हेल्स्टने रंगविलेले त्याचे व्यक्तिचित्र माउरित्सहाउसमध्येच आहे: चित्रफलकासमोर बसून आपल्याकडे वळून पाहणारा एक सडपातळ तरुण.

खोंडाच्या नशिबी मात्र प्रवास होता. अठराव्या शतकात तो राजघराण्याच्या संग्रहात आला. १७९५ मध्ये फ्रेंच सैन्याने हॉलंड जिंकले तेव्हा इतर लुटीबरोबर तो पॅरिसला गेला आणि वीस वर्षे लूव्रच्या भिंतीवर राहिला. नेपोलियनच्या पराभवानंतर, १८१५ मध्ये, तो हेगला परतला. १८२२ पासून माउरित्सहाउस हे त्याचे घर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याची कीर्ती एवढी होती की व्हर्मेरला कोणी विचारीत नसे तेव्हा लोक या खोंडाला पाहायला येत.

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त आपल्या समाजातील अनेक कुटुंबे अँटवर्पला स्थायिक झाली आहेत आणि मुंबई-सुरतेहून तेथे जाणे-येणे नित्याचे आहे. अँटवर्पहून हेग आगगाडीने दीड-दोन तासांवर आहे. एखादा दिवस मोकळा मिळाला तर मुलांना घेऊन जावे. हिरा पारखणाऱ्याला भिंग डोळ्याला लावून एका खड्यापाशी रेंगाळण्याची सवय असतेच. तसेच येथे रेंगाळावे. प्रथम दूर उभे राहून खोंडाची उंची आपल्या उंचीशी ताडून पाहावी. मग संग्रहालय मुभा देईल तितके जवळ जाऊन पाठीवरच्या माश्या मुलांना शोधायला सांगाव्यात. बेडूक ती आपणहून शोधतील. शेवटी बसलेल्या गायीसमोर उभे राहावे. खोंडाची नजर आपल्यावर ठरत नाही; तिची ठरते.